रोख, कार्ड आणि ‘अधिभार’ : एका शब्दाची कुळकथा

गल्ल्यासमोर उभं राहिल्यावर नोटा मोजाव्यात की कार्ड पुढे करावं, ही निवड आपलीच आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं. ती बरीचशी आधीच ठरलेली असते. कार्डाच्या व्यवहारामागे दुकानदाराला किती कमिशन द्यावं लागतं, ते त्याने कोणाकडून वसूल करावं आणि त्या वसुलीला काय म्हणावं, या तीन गोष्टींवर ती ठरते. त्यांतली तिसरी सर्वांत किरकोळ वाटते. प्रत्यक्षात गेल्या पन्नास वर्षांत कायदेमंडळं आणि न्यायालयं सर्वांत जास्त अडकली ती तिच्यातच.

‘क्रेडिट’ला मराठीत दोन शब्द आहेत, पत आणि उधार. पत माणसाजवळ असते, उधारी माणसाच्या डोक्यावर. कार्ड विकणाऱ्यांनी पहिलीचं नाव पुढे करून दुसरी विकली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. रोखीत अशी दोन तोंडं नाहीत. पैसे हातावर ठेवले की व्यवहार मिटला. नाण्यांना अडीच हजारांहून अधिक वर्षं झाली. कागदी चलन चीनमध्ये सोंग राजवटीत, अकराव्या शतकात आलं. युरोपात ते १६६१ मध्ये स्वीडनने आणलं आणि ते काढणारी बँक काही वर्षांतच बुडाली. उधारी तर नाण्यांहूनही जुनी आहे, पण ती ओळखीवर चालणारी, दोघांमधली गोष्ट होती. विसाव्या शतकात नवं घडलं ते इतकंच की या दोघांमध्ये एक तिसरा येऊन बसला. गिऱ्हाईक अनोळखी असलं तरी पैसे मिळतील, अशी हमी त्याने दुकानदाराला दिली आणि हमीची किंमतही दुकानदाराकडूनच घेतली.

१९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये अनेक ठिकाणी चालणारं पहिलं मोठं कार्ड सुरू झालं, तेव्हा हॉटेलवाल्यांकडून बिलाच्या ७ टक्के घेतले जात. ते खऱ्या अर्थाने उधारीचं कार्ड नव्हतंच, महिनाअखेर पूर्ण रक्कम भरावी लागे. खरं उधारीचं कार्ड १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या बँकेने आणलं. तिने फ्रेस्नो शहरातल्या सुमारे ६०,००० ग्राहकांना, कोणीही मागितलेलं नसताना, टपालाने कार्डं पाठवून दिली. दुकानदार म्हणत, कार्डवाले गिऱ्हाईक आणा, मग आम्ही कार्ड घेतो. गिऱ्हाईक म्हणत, कार्ड घेणारी दुकानं दाखवा. हा पेच बँकेने एका फटक्यात, टपालखात्याच्या मदतीने सोडवला. फटका तिलाही बसला : ४ टक्के खाती थकतील असा अंदाज होता, थकली २२ टक्के. मागणी नसताना कार्ड पाठवण्यावर अमेरिकेत बंदी आली ती १९७० मध्ये. तोवर कोट्यवधी पाकिटं घराघरांत पोचली होती.

त्या काळचं कार्ड आजच्यासारखं चटपटीत नव्हतं. उठावदार आकड्यांवर कार्बन ठेवून यंत्राचा दांडा सरकवायचा, पावतीवर ठसा उमटवायचा, सही घ्यायची. रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की दुकानदार बँकेला फोन लावून परवानगी घेई. तोपर्यंत मागची रांग ताटकळत उभी. फेकून दिलेल्या कार्बनवरून आकडे चोरले जात, तो ताप वेगळाच. परवानगीची संगणकीय व्यवस्था अमेरिकेत १९७३ मध्ये आली, चुंबकीय पट्टी त्याच दशकात रुळली. म्हणजे पहिली पंधरा-वीस वर्षं गल्ल्यावर रोखच जलद होती. तरी कार्ड वाढलं, कारण सोय हा त्याच्या वाढीतला एक भाग होता, सगळी वाढ सोयीमुळे नव्हती.

दुसरा भाग पैशांच्या वाटपाचा होता. कार्डाचा व्यवहार दोन बँकांमधून जातो, एक गिऱ्हाइकाची आणि एक दुकानदाराची. दुकानदाराच्या कमिशनमधला मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या बँकेकडे वळतो, त्याला ‘इंटरचेंज’ म्हणतात. बक्षिसाचे गुण, कॅशबॅक, विमानतळावरच्या आरामखोल्या यांचा बराचसा खर्च यातूनच निघतो. उरलेली कमाई व्याजाची. दर महिन्याला पूर्ण बिल चुकवणाऱ्या ग्राहकाला या धंद्याच्या बोलीत ‘डेडबीट’, म्हणजे बुडव्या म्हणतात, हे एकदा ऐकलं की धंदा कशावर चालतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

या वाटपाला सांभाळणारं एक कलम दुकानदाराच्या करारात असे : कार्डवाल्याकडून रोखवाल्यापेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत. वरवर पाहता हे ग्राहकाच्या बाजूचं आहे. पण कमिशन कुठून तरी निघायला हवं, म्हणून दुकानदार ते सगळ्याच मालाच्या किमतीत मिसळतो. मग नोटा मोजून देणाराही ते भरतो आणि त्याला गुण मिळत नाहीत. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या एका शाखेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकतं आणि कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला १,१३३ डॉलर मिळतात. कार्डवाल्यांचं सरासरी उत्पन्न जास्त असल्याने हा पैसा खालून वर जातो. आकड्यांवर वाद झाले. दिशेवर मला तरी शंका वाटत नाही.

आता त्या शब्दाकडे : अधिभार, म्हणजे कार्डाने पैसे देणाऱ्यावर लावलेली जादा रक्कम.

हे कलम १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा मोडलं. रोख देणाऱ्याला सवलत द्यायची असेल तर कार्ड कंपनीने दुकानदाराला अडवू नये, असा कायदा झाला. (त्याच कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणाने पत ठरवताना स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली. तोवर अनेक विवाहितांना कार्डासाठी नवऱ्याची सही लागे. या दोन गोष्टी एका कायद्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत, पण आठवते ती एकच.) सवलत देता येते, तर अधिभार का नको, हा प्रश्न लगेच आला. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, उत्तर मिळालं : सवलत चालेल, अधिभार बेकायदा.

हिशेब साधा आहे. एका दुकानात पाटीवर १०० लिहिलंय आणि कार्डाने दिल्यास ३ जादा. शेजारच्या दुकानात पाटीवर १०३ आणि रोख दिल्यास ३ कमी. दोन्हीकडे रोखवाला १०० देतो, कार्डवाला १०३. पहिला दुकानदार गुन्हेगार, दुसरा नाही. मग फरक सांगण्यासाठी कायद्याला ‘नेहमीची किंमत’ नावाची एक गोष्ट जन्माला घालावी लागली. नेहमीच्या किमतीहून कमी ती सवलत, जास्त तो अधिभार. पण नेहमीची कोणती? १९८१ च्या दुरुस्तीने ठरवलं की पाटीवर एकच किंमत असेल तर ती नेहमीची. दोन किमती लावल्या असतील, किंवा एकही लावली नसेल, तर कार्डाची किंमत ही नेहमीची. ही व्याख्या पुन्हा एकदा वाचावी. दोन्ही किमती लिहिणारा दुकानदार, त्याच्या मनात काहीही असो, आपोआप सवलत देणारा ठरतो. अधिभाराचा गुन्हा घडायचा तर पाटीवर फक्त रोखीची किंमत हवी. आणि यात कार्ड हे मूळ धरलं गेलं, रोख हा अपवाद. ज्या वर्षांत कार्ड अजून नवखं होतं, त्याच वर्षांत कायद्याच्या भाषेने ते ‘नेहमीचं’ करून टाकलं.

हा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर १९८० मध्ये एका अर्थशास्त्रज्ञाने आपल्या लेखात जाता जाता देऊन ठेवलं होतं. दोन किमती ठेवायच्याच असतील तर फरकाला ‘रोखीची सवलत’ म्हणावं, ‘कार्डाचा अधिभार’ म्हणू नये, असा कार्ड कंपन्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आग्रह होता, असं त्याने नोंदवलं. हातातून गेलेला रुपया जितका टोचतो तितका न मिळालेला रुपया टोचत नाही. सवलत सोडणं सोपं, दंड भरणं अवघड. त्यामुळे शब्द सवलतीचा असला की गिऱ्हाईक कार्ड खिशात परत ठेवत नाही. अर्थशास्त्रातल्या एका नव्या शाखेचा हा एक आरंभीचा दाखला ठरला आणि त्या लेखकाला २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

योगायोग असा की त्याच वर्षी हा शब्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. मूळ बंदीची मुदत १९८४ मध्ये संपली होती, पण काही राज्यांनी आपापली बंदी आणली. न्यूयॉर्कच्या कायद्यात ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होती आणि ‘नेहमीची किंमत’ ही व्याख्या मात्र गाळलेली होती. परिणामी काय बोलायचं हे दुकानदाराने स्वतः ओळखायचं. १९८७ मध्ये एका पेट्रोल पंपाच्या मालकावर याच कायद्याखाली खटला चालला. ‘कार्डाला जादा’ ऐवजी ‘रोखीला कमी’ म्हटलं असतं तर गुन्हाच नव्हता, हे न्यायाधीशांच्या लक्षात आलं आणि त्यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. तीस वर्षांनी एका केशकर्तनालयासह काही छोट्या व्यावसायिकांनी तोच मुद्दा वर नेला. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हा कायदा किंमत किती असावी हे ठरवत नाही, ती कशी सांगावी हे ठरवतो, म्हणजे तो बोलण्यावरचं नियंत्रण आहे. खटला पुन्हा खालच्या न्यायालयाकडे गेला. राज्याने अखेर २०२४ मध्ये नियम बदलला : कार्डाची पूर्ण किंमत आकड्यांत लिहा, आणि तुम्हाला पडणाऱ्या खर्चाहून जास्त लावू नका. ‘अधिक ३ टक्के’ अशी पाटी मात्र पुरत नाही. बेरीज दुकानदाराने करायची.

तेवढ्याने दुकानदार मोकळा झाला, असं नाही. २०१८ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी एका कार्ड कंपनीचं कलम कायम ठेवलं. त्यानुसार महागड्या कार्डाऐवजी दुसरं द्या, असं दुकानदाराने गिऱ्हाइकाला सुचवणंही करारभंग ठरतं.

युरोपीय संघाने दुसरं टोक धरलं. डिसेंबर २०१५ पासून इंटरचेंजवर छत आलं, डेबिट कार्डाला ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के. मग जानेवारी २०१८ पासून अशा कार्डांवर अधिभार घेण्यास बंदी. कमिशनच कमी केलं तर वसुलीचा प्रश्न उरत नाही, असा हा विचार. माझ्या मते या सगळ्या कथेत एवढाच निर्णय शब्दाऐवजी रकमेला हात घालणारा आहे, जरी त्यानंतर तिथल्या कार्डांवरची बक्षिसं आटली असली तरी.

रोखीच्या बाजूनेही एक शब्द असाच फसवा आहे : ‘कायदेशीर चलन’. नोटेवर हे असल्याने दुकानदाराला ती घ्यावीच लागते, असा सर्रास समज आहे. बऱ्याच देशांत त्याचा अर्थ मर्यादित आहे. आधीच झालेलं देणं फेडताना नोट नाकारता येत नाही. व्यवहार होण्याआधी दारावरच ‘रोख घेत नाही’ अशी पाटी लावली, तर देणं अजून झालेलंच नसतं. स्वीडनमधल्या दुकानांनी हाच रस्ता धरला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये रोख नाकारण्यास मनाई १९७८ पासून आहे, न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाने ती २०१९ मध्ये आणली, न्यूयॉर्क शहराने २०२० मध्ये. नॉर्वेने ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख देण्याचा ग्राहकाचा हक्क पक्का केला. १९७० च्या दशकात कायदे रोखीला सवलत द्यावी की नाही यावर भांडत होते. आता ते रोखीला दुकानात शिरू द्यावं की नाही यावर भांडतात.

ऑस्ट्रेलियात हे सगळं एकाच देशात पाहायला मिळतं. तिथल्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये अधिभाराला उघड परवानगी दिली. कार्डाचा खर्च कार्डवाल्याला दिसू द्या, मग तो स्वस्त मार्ग निवडेल, असा तिचा तर्क होता. काहींनी, विशेषतः विमान कंपन्यांनी, खर्चाच्या कितीतरी पट अधिभार लावला आणि २०१६ मध्ये जादा वसुलीवर निर्बंध आले. दरम्यान स्वस्त मार्गच अरुंद होत गेला. २००७ मध्ये ग्राहकांच्या दर १० व्यवहारांपैकी सुमारे ७ रोखीचे होते, २०२२ मध्ये शंभरातले १३ उरले. जुलै २०२५ मध्ये त्याच बँकेने कार्डांवरचा अधिभार काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला. कारण असं दिलं की रोखीचा वापर घटल्याने अधिभार चुकवणं ग्राहकाला अवघड झालंय, त्यामुळे तो आता कोणाला कुठे वळवत नाही.