दमसास आणि विरळ हवेचा सराव: हेमकुंडच्या वाटेवर कळणारा फरक

दर पावसाळ्यात सह्याद्रीतले गड पालथे घालणाऱ्या अनेकांचा असा समज असतो की, पायांत बळ आणि छातीत दम असला म्हणजे हिमालयातली उंचीही आपोआप मानवते. वास्तविक दमसास वेगळा आणि विरळ हवेचा सराव वेगळा. उत्तराखंडातील घांगरियाहून हेमकुंड सरोवराला जाऊन त्याच दिवशी परतताना हा फरक अंगावर येतो.

दमसास घरी राहून कमावता येतो. नियमित चालण्याने, जिने चढण्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि स्नायू मिळालेला प्राणवायू नीट वापरतात. सराव मात्र उंचीवर राहिल्याशिवाय होत नाही, आणि १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईही त्यासाठी ठेंगणेच. हवेत प्राणवायू सगळीकडे २१ टक्केच असतो. पण हेमकुंडाच्या, म्हणजे चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो.

त्यावर शरीराचा पहिला उपाय म्हणजे श्वास वाढवणे. परंतु जोराच्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही अधिक बाहेर जातो, रक्तातील आम्लता घटते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंडे लघवीवाटे बायकार्बोनेट, म्हणजे आम्लता मारणारा रक्तातला क्षार, बाहेर टाकू लागली की हा लगाम सैल होतो. या कामाला काही दिवस लागतात, आणि त्यांना घाई करता येत नाही. (तिथे वारंवार लघवीला जावे लागणे हे म्हणूनच बहुधा चांगले लक्षण.) तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे जातात.

खेचरावर बसून वर गेलेल्या यात्रेकरूकडे पाहिले म्हणजे या दोन गोष्टींची फारकत होते: त्याचे पाय दमत नाहीत, तरी डोके दुखू शकते. उलट दमदार तरुण भरभर चढतो आणि शरीराला सवड मिळण्याआधीच उंची गाठतो. माझ्या मते धोका त्यालाच अधिक, कारण आपल्याला त्रास होणार नाही याची त्याला खात्री असते.

चढावर लागलेला दम थांबल्यावर काही मिनिटांत बसतो, थकवा पाणी आणि खाण्याने हटतो. विरळ हवेच्या त्रासात डोके दुखते, सोबत मळमळ, अन्नावरची वासना उडणे किंवा गरगरणे असते, आणि हे बहुधा उंची गाठल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होते. बसल्या जागीही धाप लागत असेल किंवा सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर विश्रांतीची वाट न पाहता तत्काळ खाली उतरावे.

हेमकुंडावर रात्री मुक्काम करता येत नाही, त्यामुळे बहुतेक जण त्रास बळावण्याआधीच खाली येतात. पण घांगरियाच सुमारे तीन हजार मीटरांवर आहे. म्हणून तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, तुलनेने कमी उंचीच्या फुलांच्या दरीत रमतगमत फिरावे आणि हेमकुंडाचा चढ त्यापुढच्या दिवशी ठेवावा. गोविंदघाटाहून हेलिकॉप्टरने आलेल्यांना तर हा मधला दिवस अधिकच हवा, आणि त्या रात्री डोके दुखत राहिलेच, तर चढाई आणखी पुढे ढकलावी.