पुण्यातलं नदीपात्र

पुण्यात नदीपात्र म्हणजे मुठा नदीच्या दोन्ही काठांची मोकळी जागा, त्यातले रस्ते, घाट आणि पार्किंग धरून. म्हात्रे पुलापासून ओंकारेश्वरापर्यंतचा पट्टा सगळ्यात गजबजलेला, कारण एका बाजूला पेठा आणि दुसऱ्या बाजूला डेक्कन, आणि मधे एवढी मोठी फुकट जागा शहरात दुसरीकडे कुठे उरलीच नाही.

वापर म्हणाल तर कसलाही. ड्रायव्हिंग शिकणं, क्रिकेट, डेक्कनला खरेदीला आलेल्यांच्या गाड्या, संध्याकाळी खाण्याच्या गाड्या, घाटांवर कपडे धुणं. ओंकारेश्वराच्या घाटावर दशक्रिया विधी होतात आणि गणपतीत काठावर विसर्जनाचे हौद मांडतात, कारण थेट नदीत विसर्जन करू नका असं महापालिका दरवर्षी सांगते आणि आता बरेच लोक ते ऐकतातही. झेड ब्रिज खरं तर दुचाकी आणि पायी जाणाऱ्यांसाठी बांधलेला, पण संध्याकाळी तिथे गाड्या लावून जोडपी बसलेली असतात, जाणारे-येणारे नाकं मुरडतात, पण बाकी शहरात निवांत बसायला जागा तरी कुठंय.

यातले बहुतेक लोक नदीकडे पाठ करूनच बसतात हे मात्र खरं. कारण साधं आहे, वास. नाल्यांमधून मैलापाणी थेट नदीत येतं, उन्हाळ्यात प्रवाह नावाला उरतो, वर जलपर्णी पसरते आणि दिवे लागणीला डास. त्यामुळे पाण्यापर्यंत जाणारे म्हणजे धार्मिक विधीवाले नाहीतर कपडे धुणारे, बाकीचे वर रस्त्यावरच थांबतात. त्यात रात्री बऱ्याच ठिकाणी दिवे नाहीत, म्हणून अंधार पडल्यावर बायका एकट्यादुकट्या तिकडून जायचं टाळतात. पेठांतून खाली उतरायचे रस्तेही मोजकेच, म्हाताऱ्या माणसाला घाटाच्या पायऱ्या म्हणजे शिक्षाच.

दुसरी अडचण पावसाळ्याची. वर खडकवासला, त्याच्याही वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर. ही धरणं भरली की खडकवासल्यातून विसर्ग सोडतात, क्युसेकचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात, आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकराच्या लेखी पाऊस खरा सुरू झाला. हा पूल मुळात बुटकाच आहे, पाणी वरून जाणार हे धरलेलंच. तरी दरवर्षी कुणाची तरी गाडी पात्रात अडकते आणि अग्निशमन दलाला यावं लागतं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटून अर्धं पुणं बुडालं ती आठवण जुन्या पेठांत अजून निघते. अलीकडे जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी घुसलं, तिथले रहिवासी आता विसर्गाचे मेसेज जास्त लक्ष देऊन वाचतात.

नियमाने निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत, बांधकाम करता येत नाही. लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. प्रत्यक्षात भराव, लॉन्स, रस्ते होत राहिले. मेट्रोचे खांबही डेक्कनजवळ पात्राच्या कडेनेच गेलेत, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 2023 मध्ये मेट्रो तिथून धावायलाही लागली.

सध्याचा मोठा वाद महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा. मुळा, मुठा आणि त्यांच्या संगमानंतरची मुळा-मुठा मिळून साधारण 44 किलोमीटर, अहमदाबादच्या साबरमती काठाच्या धर्तीवर बंधारे, चालायचे रस्ते, बागा. पालिकेचं म्हणणं, लोकांना काठ वापरता येईल. विरोध करणारे म्हणतात की काठावर भिंती आणि भराव घालून पात्र अरुंद होईल, झाडं जातील आणि आधी मैलापाणी थांबवा. यातलं शेवटचं आपल्याला तरी पटतं, वासाच्या नदीशेजारी कितीही फरशी घातली तरी कोण बसणार. बंडगार्डनपासून पुढे येरवड्याच्या बाजूला, डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याजवळ, हा वाद जास्त तापतो, कारण तिथे सकाळी दुर्बिणी घेऊन येणारे पक्षीप्रेमी त्या अस्ताव्यस्त झाडीसाठीच येतात आणि काठ चकाचक झाला तर पक्षी तिथे थांबणार नाहीत अशी त्यांची तक्रार आहे.