ज्यूंची शिरगणती (जर्मनी, १९१६)

पहिल्या महायुद्धात प्रशियाच्या (जर्मन साम्राज्यातील सर्वांत मोठ्या राज्याच्या) युद्धमंत्रालयाने लष्करी वयाच्या ज्यू पुरुषांची केलेली स्वतंत्र मोजणी. ‘ज्यू आघाडी टाळतात आणि मागे राहून युद्धावर गबर होतात’ असा दुहेरी आरोप तेव्हा जोरात होता. मंत्रालयाने त्यातल्या पहिल्या भागाची शहानिशा करायला घेतली. मोजणी झाली, पण युद्ध संपेपर्यंत तिचे आकडे दाबून ठेवले गेले.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन पक्षांनी आपसांतली भांडणे तहकूब केली. राइखस्टागचे (जर्मन संसदेचे) ज्यू सदस्य लुडविग फ्रांक स्वेच्छेने सैन्यात गेले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच फ्रान्समधील लुनेव्हिलजवळ मारले गेले. प्रशियात मात्र १८८५ नंतर बाप्तिस्मा न घेतलेल्या ज्यूला राखीव अधिकारीपद मिळालेच नव्हते. ते दार युद्धाने उघडले, तेही किलकिलेच.

नफेखोरीच्या आरोपाला धरायला जागा मिळाली ती युद्ध-कंपन्यांमुळे. ऑगस्ट १९१४ मध्ये उद्योगपती वाल्टर राथेनाऊ यांच्या हाती युद्धकालीन कच्च्या मालाचा विभाग आला. धातू, रसायने, लोकर यांचे साठे ताब्यात घेऊन कारखान्यांना वाटून देण्यासाठी या विभागाने भागभांडवली कंपन्या उभ्या केल्या. त्यांचे भाग खाजगी, देखरेख सरकारी. लाभांश वाटायला बंदी. अन्नाच्या आयातीसाठी मध्यवर्ती खरेदी कंपनी होती. माल ओळखणारी माणसे व्यापारातूनच घ्यावी लागली आणि व्यापारात ज्यू बरेच होते. राथेनाऊ १९१५ च्या वसंतात बाहेर पडले, नाव मात्र चिकटून राहिले. ब्रिटिश नाकेबंदी आणि १९१६ चे बुडालेले बटाट्याचे पीक ही अन्नटंचाईची खरी कारणे. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला नाकेबंदी दिसत नाही, सैन्यातून सूट मिळालेला कंपनीचा कारकून दिसतो.

ज्यूंविरुद्धच्या तक्रारी आपोआप साचल्या नव्हत्या. राइखसहामरबुंडसारख्या ज्यूद्वेष्ट्या संघटना त्या पद्धतशीरपणे गोळा करून अधिकाऱ्यांकडे पाठवत होत्या. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी युद्धमंत्री व्हिल्ड फॉन होएनबोर्न यांनी मोजणीचा आदेश काढला. त्याच महिन्यात कॅथलिक सेंट्रम पक्षाचे माटिआस एर्त्सबेर्गर यांनी युद्ध-कंपन्यांच्या नोकरांची माहिती पगार, लष्करी वय आणि धर्मासह मागितली.

मोजणीची तारीख ठरली १ नोव्हेंबर. एका तक्त्यात सैन्यातले ज्यू भरायचे: किती स्वेच्छेने आलेले, किती मृत, किती जणांना आयर्न क्रॉस हे लष्करी पदक. दुसऱ्यात सूट मिळालेले व अपात्र ठरलेले. हे तक्ते तुकड्यांच्या कचेऱ्यांतून भरून वर जायचे.

आकडेशास्त्राच्या दृष्टीने हे काम मुळातच फसलेले होते. एका दिवसाच्या मोजणीत जखमी होऊन इस्पितळात किंवा भरती-केंद्रात पडलेला आघाडीचा शिपाई ‘मागचा’ ठरतो. तुलनेला ख्रिस्ती शिपायांची तशीच मोजणी केलीच नाही. ज्यू लोकसंख्या शहरी आणि सरासरीने वयस्क, म्हणून लष्करी वयाचे पुरुष कमी. हिशेबी किंवा दुभाषी कामासाठी अधिकारीच त्यांना मागे ओढत. मोजणीआधी ज्यू शिपायांना मुद्दाम आघाडीवरून हलवल्याच्याही तक्रारी झाल्या.

राइखस्टागमध्ये ज्यू सदस्य लुडविग हास यांनी निषेध केला. जानेवारी १९१७ मध्ये नवे युद्धमंत्री फॉन श्टाइन यांनी ज्यू शिपायांच्या वर्तनामुळे हा आदेश निघाला नव्हता असे पत्राने कळवले. मात्र आकडे न देता दिलेली ही सफाई कुचकामी होती. शंका घेणाऱ्याने मौनाचा अर्थ ‘आकडे वाईट असणार’ असाच लावला.

१९१९ मध्ये आल्फ्रेड रोट या ज्यूद्वेष्ट्या प्रचारकाने ओटो आर्मिन या टोपणनावाने मंत्रालयातून बाहेर पडलेले आकडे सोयीने मांडले. समाजशास्त्रज्ञ फ्रान्झ ओपेनहायमर यांनी १९२२ मध्ये मोजणीची पद्धतच खोडून काढली. ज्यू आकडेशास्त्रज्ञ याकोब सेगाल यांच्या आकडेवारीनुसार जर्मन सैन्यात सुमारे १ लाख ज्यू होते. त्यांपैकी जवळपास ७८ हजार आघाडीवर गेले आणि सुमारे १२ हजार मेले. ज्यू माजी सैनिकांच्या संघटनेने १९३२ मध्ये मृतांची नावनिशीवार यादी ग्रंथरूपात छापली. पॉट्सडाममधील लष्करी दफ्तरखाना १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्याने मूळ तक्ते आता उपलब्ध नाहीत, आणि अभ्यासकांना रोटचे आकडे व ज्यू संस्थांच्या याद्या समोरासमोर ठेवूनच काम करावे लागते.