‘आभासी फोटॉन’ आणि होड्यांचा दाखला

अकरावीत असताना नाशिकला आमच्या सरांनी गंगापूर धरणातल्या दोन होड्यांचा दाखला दिला होता. एका होडीतला माणूस जड चेंडू फेकतो, दुसऱ्या होडीतला झेलतो आणि होड्या एकमेकींपासून दूर सरकतात. इलेक्ट्रॉनही तसेच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, फेकतात, म्हणून एकमेकांना ढकलतात. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “सर, मग इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जवळ कसे येतात?” तास संपला, उत्तर राहून गेलं.

अंतर दुप्पट झालं की प्रभारांमधलं बल चौथ्या हिश्श्यावर येतं, हा व्यस्त वर्गाचा नियम १७८५चा, तो सगळ्यांना पाठ आहे. या प्रश्नापुरती गोष्ट सुरू होते १९२७ला, विद्युतचुंबकीय क्षेत्रालाच पुंजवादाचे (क्वांटम सिद्धांताचे) नियम लावले गेले तेव्हा. १९३२मध्ये दोन इलेक्ट्रॉनांमधली आंतरक्रिया फोटॉनच्या देवाणघेवाणीतून मांडली गेली. १९४९पर्यंत तीच लांबलचक आकडेमोड चिमुकल्या आकृत्यांत बसली: इलेक्ट्रॉनांच्या दोन सरळ रेषा आणि मधे एक नागमोडी रेघ. आकृत्या इतक्या सोयीच्या होत्या की लोक त्यांना घटनेचं चित्रच समजू लागले.

त्या नागमोडी रेघेला मराठीत ‘आभासी फोटॉन’ म्हणतात आणि घोळ इथेच होतो. शाळेत आपण आरशातली आभासी प्रतिमा शिकलेलो असतो. ती दिसते, पण पडद्यावर घेता येत नाही. हा अर्थ इथे लागू नाही. मोकळ्या फोटॉनची ऊर्जा म्हणजे संवेग गुणिले प्रकाशाचा वेग, हे नातं पक्कं असतं. दोन जवळपास स्थिर इलेक्ट्रॉनांमध्ये संवेगाची देवाणघेवाण होते, ऊर्जेची मात्र जवळजवळ शून्य. म्हणजे ते नातं पाळलं जात नाही. ‘आभासी’चा अर्थ एवढाच: हे नातं न पाळणारं, गणितातलं मधलं पद. माझ्या मते ‘मधलं पद’ हेच रुक्ष नाव ठेवलं असतं, तर विद्यार्थ्यांचे हाल वाचले असते.

ढकलायचं की ओढायचं, हे क्षेत्राचा स्पिन (त्याच्या कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुणधर्म) आणि प्रभारांची चिन्हं मिळून ठरवतात. फोटॉनचा स्पिन १. अशा क्षेत्रात समान प्रभार जवळ आणले की क्षेत्राची एकूण ऊर्जा वाढते, लांब नेले की घटते. म्हणून ते दूर जातात. एका प्रभाराचं चिन्ह बदला, त्याच समीकरणातून ओढ निघते. मागच्या बाकाला द्यायला हवं होतं ते उत्तर हे. स्पिन ० किंवा २ असता, तर समान प्रभारांनीही एकमेकांना ओढलं असतं.

फोटॉनला वस्तुमान नाही, म्हणून हे बल लांबवर पोहोचतं; बल वाहून नेणारा कण जड असेल, तर पल्ला आखूड होतो. १९३५मध्ये अणुकेंद्रातल्या आखूड पल्ल्याच्या बलासाठी वस्तुमान असलेला वाहक सुचवला गेला, तो याच हिशेबाने. पुढे कण-टकरींच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट मोजली गेली. या बलाची ताकद सांगणारा १/१३७ हा आकडा सुमारे ९१ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जेला १/१२८च्या आसपास जातो. इलेक्ट्रॉन फारच जवळ आले, तर व्यस्त वर्गाच्या नियमापेक्षाही ते एकमेकांना किंचित जास्त ढकलतात.