तळघरातल्या बॉयलरचा अर्ज: नोंदणी, कागदपत्रे आणि बर्नरची फाइल

हॉटेलच्या मागच्या अंगाला, रुग्णालयाच्या लाँड्रीशेजारी किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये वाफेचा बॉयलर रोज चालू असतो. त्याची कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत हे मात्र बहुतेक वेळा एकट्या अटेंडंटलाच ठाऊक असतं. तो नोकरी सोडून गेला की नूतनीकरणाच्या वेळी धावपळ सुरू होते. महाराष्ट्रात अशा इमारतींना बॉयलरसाठी काय करावं लागतं, ते इथे लिहितो. बर्नरबद्दल, म्हणजे इंधन आणि हवा मिसळून आग पेटवणाऱ्या भागाबद्दल, जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे परवान्याच्या कागदावर भिस्त ठेवून भागत नाही.

नोंदणी कोणाला लागते?

1923 च्या भारतीय बॉयलर कायद्याची जागा आता 2025 च्या बॉयलर कायद्याने घेतली आहे. तांत्रिक बाबी 1950 च्या भारतीय बॉयलर विनियमांप्रमाणे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘आयबीआर’प्रमाणे चालतात. क्षमता 25 लिटरपेक्षा कमी असेल, दाब 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा पाणी 100 अंश सेल्सिअसच्या खालीच तापत असेल, तर ते यंत्र कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे अंघोळीच्या पाण्यासाठी 60-70 अंशांवर चालणाऱ्या हॉट वॉटर जनरेटरला ही नोंदणी लागत नाही. इस्त्री, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) किंवा स्वयंपाकघरातल्या स्टीम कुकिंगसाठी दाबाखाली वाफ देणारा बॉयलर बहुधा नोंदणीत येतोच. ‘छोटा आहे, चालतं’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याकडून ते लेखी घ्या आणि नेमप्लेटवरचे लिटर व दाब स्वतः वाचा.

खरेदीच्या वेळीच मागायचे कागद

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. बॉयलर येतो, क्रेनने जागेवर बसतो, पैसे दिले जातात आणि मग कळतं की निर्मात्याचे दाखले अपुरे आहेत. निर्मितीच्या वेळी तपासणी करणाऱ्याचा फॉर्म 2, निर्मात्याचा फॉर्म 3, सेफ्टी व्हॉल्व्ह, स्टॉप व्हॉल्व्ह, गेज ग्लास यांसारख्या माउंटिंगचे फॉर्म 3-सी आणि मंजूर आराखडे हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. शेलवर ठोकलेला नंबर आणि फॉर्मवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळवून पाहा. एका आकड्याची चूक दुरुस्त करून घ्यायला महिने जातात.

जुना बॉयलर घेत असाल तर आणखी सावध राहा. महाराष्ट्रात नोंदलेल्या बॉयलरच्या क्रमांकात ‘एमआर’ ही अक्षरं असतात. दुसऱ्या राज्यातला बॉयलर असेल तर त्याची नोंदणी आणि तपासणीच्या नोंदी तिथून इथे वर्ग करून घ्याव्या लागतात. त्या नोंदी न सापडणारा बॉयलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज आणि तपासणी

अर्ज बाष्पके (म्हणजे बॉयलर) संचालनालयाकडे करायचा. तो ऑनलाइन करता येतो. शुल्क बॉयलरच्या तापपृष्ठाच्या, म्हणजे पाण्याला उष्णता देणाऱ्या पृष्ठभागाच्या, क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून अर्जात चौरस मीटरचा आकडा फॉर्म 3 वरूनच उतरवा, अंदाजाने लिहू नका. सोबत वरचे सगळे दाखले, बॉयलर रूमचा नकाशा, वाफेच्या पाइपलाइनचा आराखडा, उभारणी करणाऱ्या मान्यताप्राप्त ठेकेदाराचे कागद आणि अटेंडंटच्या प्रमाणपत्राची प्रत ठेवा. पाइपलाइन ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून ओढून घ्यायची सवय सोडा. त्या वेल्डिंगलाही मान्यताप्राप्त माणूस लागतो.

अर्ज मिळाल्यावर निरीक्षक 30 दिवसांच्या आतली तारीख ठरवतो आणि मालकाला किमान 10 दिवस आधी कळवतो. त्या दिवशी बॉयलर थंड, रिकामा, आतून-बाहेरून साफ आणि मॅनहोल उघडलेला हवा. पहिल्या तपासणीत कार्यदाबाच्या दीडपट दाबाने पाण्याची चाचणी होते. नंतर वाफेवर सेफ्टी व्हॉल्व्ह नेमका कुठे उठतो ते पाहिलं जातं. सगळं ठीक असेल तर नोंदणी क्रमांक मिळतो आणि वापराचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 6, मिळतं. त्याची मुदत साधारण 12 महिने असते. मुख्य निरीक्षकांचा आदेश येईपर्यंत निरीक्षक तात्पुरता आदेश देऊ शकतो आणि तो जास्तीत जास्त सहा महिने चालतो.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी दिलेला असेल, तर आदेश येईपर्यंत जुन्या दाबावर बॉयलर चालवता येतो. मुदत उलटल्यावर अर्ज केला तर ही सवलत मिळत नाही. अटेंडंट सुट्टीवर असेल किंवा अर्ज न करताच प्रमाणपत्र संपलेलं असेल, अशा दिवशी बॉयलर पेटवायचाच नाही. सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय तो चालवणं कायद्यात बसत नाही.

इंधनाचे वेगळे परवाने

डिझेल 2500 लिटरपर्यंत आणि 1000 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या भांड्यांत ठेवलं तर पेट्रोलियम कायद्याखाली साठ्याचा परवाना लागत नाही. एलपीजी सिलिंडरसाठी ही मर्यादा 100 किलो आहे. अग्निसुरक्षेच्या 2006 च्या राज्य कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. चिमणी आणि धुराचा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात येतो.

फॉर्म 6 मध्ये जे दिसत नाही

बॉयलर कायद्याचा भर दाब झेलणाऱ्या भागांवर आहे: शेल, ट्यूब, पाइप, व्हॉल्व्ह. आग मात्र बर्नर सांभाळतो. तिची जबाबदारी रोजच्या रोज मालकावर आणि अटेंडंटवरच असते. म्हणून फॉर्म 6 च्या शेजारी बर्नरची स्वतंत्र फाइल ठेवा असा माझा आग्रह आहे.

बर्नर पेटतो तो ठरलेल्या क्रमाने. आधी ब्लोअर सुरू होतो, हवेच्या प्रेशर स्विचने होकार दिला की फर्नेसमधली जुनी हवा बाहेर ढकलली जाते. याला प्री-पर्ज म्हणतात. मग ठिणगी, मग इंधनाचा व्हॉल्व्ह, आणि काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर हा क्रम चालवणारा सिक्वेन्स कंट्रोलर इंधन बंद करून लॉकआउटवर जातो, म्हणजे हाताने रीसेट करेपर्यंत बर्नर पेटू देत नाही. प्री-पर्ज वेळखाऊ वाटतं म्हणून तो कमी करणं म्हणजे न जळलेला गॅस भरलेल्या फर्नेसमध्ये ठिणगी टाकणं.

एका रुग्णालयाच्या लाँड्रीत मी बर्नरजवळ खिळ्याला टांगलेला टॉर्च पाहिला. विचारल्यावर अटेंडंट सहज म्हणाला, ‘फोटोसेल काळा होतो साहेब, सारखा लॉकआउट येतो. मग सेल बाहेर काढून टॉर्च दाखवतो.’ त्याच्यावर सकाळी सहाला वाफ देण्याचा दबाव होता आणि काजळी पुसायला कोणी बर्नर थांबवू देत नव्हतं. फोटोसेल म्हणजे ज्योतीचा उजेड ओळखणारा सेन्सर. टॉर्चच्या उजेडात कंट्रोलरला ज्योत आहे असंच वाटतं. आत ज्योत विझलेली असली तरी डिझेल फवारत राहतं. त्या दिवशी आम्ही नोझल बदलला, हवेचा डॅम्पर जुळवला आणि काजळी थांबली. लॉकआउट बर्नरचा बिघाड सांगत होता आणि सगळे त्या सांगणाऱ्यालाच गप्प करत होते.

पाण्याचंही तसंच. मोब्री म्हणजे फ्लोटवर (तरंगत्या गोळ्यावर) चालणारं पाण्याच्या पातळीचं नियंत्रक. त्याचा पहिला स्विच बॉयलरला पाणी देणारा फीड पंप चालू-बंद करतो. पातळी फार खाली गेली की शेवटचा स्विच बर्नर बंद करतो. चेंबरमध्ये गाळ बसला की फ्लोट अडकतो आणि पाणी नसताना पाणी दाखवतो. रोज, बर्नर चालू असताना, मोब्रीचा चेंबर ब्लोडाउन करा, म्हणजे त्यातलं पाणी आणि गाळ बाहेर सोडा, आणि बर्नर खरोखर बंद पडतो का ते डोळ्यांनी पाहा. गॅसवर चालणाऱ्या बर्नरला एकामागे एक दोन सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारे) व्हॉल्व्ह हवेत, त्यांची गळती चाचणी व्हावी आणि खोलीबाहेर हाताने बंद करता येईल असा मुख्य व्हॉल्व्ह असावा.

बर्नरच्या फाइलमध्ये कमिशनिंग (पहिल्यांदा चालू करतानाचा) अहवाल, धुराचं विश्लेषण, कंट्रोलरचा मॉडेल नंबर आणि इंटरलॉक चाचणीची, म्हणजे धोका दिसताच बर्नर बंद करणाऱ्या स्विचांच्या चाचणीची, वही ठेवा. वहीत तारीख, फ्लेम फेल्युअर, हवा, गॅसचा दाब, वाफेचा दाब, पाणी यांचे रकाने आणि सही असू द्या. कुठलाही स्विच बायपास केला, म्हणजे तो टाळून बर्नर चालवला, तर त्याच पानावर लाल शाईत नोंद व्हावी आणि मॅनेजरची सही असावी. सही मागितली की बायपास किती झपाट्याने कमी होतात, ते मी पाहिलं आहे.

प्रमाणपत्र मध्येच संपतं तेव्हा

मुदत बाकी असली तरी बॉयलर जागेवरून हलवला, त्याच्या रचनेत फेरफार केला किंवा अपघात झाला तर प्रमाणपत्र संपतं. छोट्या उभ्या बॉयलरला हलवण्याच्या बाबतीत सूट आहे. फर्नेसमधल्या भडक्याने ट्यूब किंवा शेल दुबळा झाला असेल तर तो अपघातच धरला जातो आणि 24 तासांच्या आत निरीक्षकाला लेखी कळवावं लागतं. तोवर मेन गॅसचा व्हॉल्व्ह तेवढा बंद करा, बाकी बर्नर, स्विच, व्हॉल्व्ह आहेत त्याच स्थितीत राहू द्या, फोटो काढा आणि खोलीला कुलूप लावा.