ध्वनिमुद्रिका-संग्रह (पुणे)

जुन्या ग्रामोफोन तबकड्या मिळवून, स्वच्छ करून, त्यांच्या सूच्या करून जाणकारांच्या श्रवणसत्रात त्या ऐकवण्याची पुणे शहरात रुजलेली परंपरा. हा संग्रह मैफलीच्या संस्कृतीतून वाढला. त्यामुळे दुर्मीळ वस्तूच्या हौसेपेक्षा गायकीचा पुरावा म्हणून तबकडीकडे पाहण्याची दृष्टी येथे प्रबळ आहे.

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ सामान्यतः नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेडरिक गैसबर्ग यांनी कलकत्त्यात केलेल्या मुद्रणांपासून धरतात. पुण्यातील संग्रहाचा प्रारंभ मात्र इतका नेमका सांगता येत नाही. गायक भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ मध्ये काढलेले आर्य संगीत विद्यालय यांमुळे तयार झालेल्या श्रोतृवर्गाकडे काही अभ्यासक त्याचे श्रेय देतात. इतरांच्या मते नाट्यसंगीताची लोकप्रियता हे मूळ कारण होय. बालगंधर्वांच्या तबकड्या मध्यमवर्गीय घरांत किती सर्रास आढळतात हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. स्वतः भास्करबुवांची (मृ. १९२२) ध्वनिमुद्रिका उपलब्ध नसल्याने त्यांच्या गायकीचा अंदाज बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव या शिष्यांच्या तबकड्यांवरून बांधावा लागतो, आणि त्यामुळे या तबकड्यांना संग्राहकांच्या दृष्टीने दुहेरी मोल आहे.

संग्राहकांमध्ये सर्वाधिक वादाचा विषय म्हणजे तबकडीची गती. लाखेच्या या तबकड्यांना सरसकट ‘७८च्या’ म्हटले जात असले तरी १९२५च्या सुमारास विद्युत (मायक्रोफोनद्वारे होणारे) ध्वनिमुद्रण येईपर्यंत प्रत्यक्ष मुद्रणाची गती मिनिटाला सुमारे ७० ते ८० फेऱ्यांच्या दरम्यान बदलत असे. ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी ७८वर वाजवली, तर स्वर पेटीच्या जवळजवळ एका पट्टीने चढतो: काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे वाटते, ताना अवाजवी द्रुत होतात आणि आवाजाचा भरीवपणा जातो. संग्राहक साथीच्या पेटीचा स्वर, त्याच गायकाची इतर मुद्रणे आणि लेबलाजवळ कोरलेला मुद्रण-क्रमांक यांवरून गती ठरवतात. पण पेटीच मुळात कोणत्या स्वराला लावलेली होती हे निश्चित नसल्याने ही पद्धत निर्णायक मानता येत नाही. अब्दुल करीम खाँ यांचा उंच, टोकदार आवाज हा गतीच्या चुकीचाच परिणाम असल्याचे मत १९०५च्या सुमाराच्या त्यांच्या तबकड्यांच्या आधारे मांडले जाते. मात्र १९३०च्या दशकातील, गती बरीच स्थिर झाल्यानंतरच्या मुद्रणांतही आवाजाचा तोच गुण ऐकू येतो. तेव्हा हे मत पूर्णतः स्वीकारणे कठीण आहे. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या तबकडीने बालवयातील भीमसेन जोशी यांना गाण्याकडे ओढले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला.

जतनाच्या बाबतीत लाखेची तबकडी फार नाजूक असते. ती पडली की फुटते, आणि मद्यार्काने पुसल्यास लाखच विरघळू लागते. म्हणून ती सौम्य साबणाच्या पाण्याने, लेबल भिजू न देता धुतात. तिची खाच एल.पी.पेक्षा (नंतरच्या, अधिक वेळ वाजणाऱ्या प्लास्टिकच्या तबकडीपेक्षा) रुंद असल्याने सुईही सुमारे तिप्पट जाड लागते. चावीच्या फोनोची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी असा दंडक होता. तो न पाळल्यामुळे खरवडून निघालेल्या असंख्य तबकड्या आजही हाती येतात, आणि तीन-साडेतीन मिनिटांत बांधलेला अख्खा राग त्या खरखरीखाली बुजून गेलेला असतो. ही हानी भरून निघण्याजोगी नाही.

पुण्यात जुन्या तबकड्यांचा एक परिचित ठिकाणा म्हणजे बुधवारी आणि रविवारी भरणारा मंगळवार पेठेतील जुना बाजार. संशोधनाच्या अंगाने, १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे कार्य महत्त्वाचे आहे. कॅसेटच्या काळात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने मोठ्या कंपन्यांच्या यादीत नसलेले शास्त्रीय गायन प्रसिद्ध केले. स्वतंत्र प्रकाशनाचे हे शहरातील ठळक उदाहरण होय.

अलीकडील स्वतंत्र संगीत मुख्यतः बँडच्या स्वरूपात आढळते. अग्नी हा रॉक बँड पुण्याचा, एन.एच.७ वीकेंडर या महोत्सवाचा प्रारंभही २०१० मध्ये येथेच झाला. तरुण श्रोत्यांत एल.पी.ची आवड पुन्हा दिसते, परंतु हा वर्ग आणि ७८च्या तबकड्यांचे संग्राहक यांचा परस्परसंपर्क मर्यादित आहे. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या सभागृहांत मोजक्या श्रोत्यांपुढे होणारे कार्यक्रम जुन्या बैठकीला अधिक जवळचे आहेत.