स्टॅगहॉर्न, एल्कहॉर्न आणि आपलं बाशिंग

फळीवर बांधून भिंतीला टांगलेला स्टॅगहॉर्न नेचा (फर्न) आता सातारा-सांगलीतल्या व्हरांड्यांत दिसू लागला आहे. त्याचं मूळ पूर्व ऑस्ट्रेलियातलं. 1799 मध्ये शास्त्रीय वर्णन झालं ते दुसऱ्याच प्रजातीखाली, म्हणजे जीनसखाली. प्लॅटिसेरियम, म्हणजे रुंद शिंग, हे नाव 1827 चं. या प्रजातीची एकच जाती भारताच्या रानात आढळते, तीही मणिपूरकडे. सह्याद्रीत एकही नाही.

तरीही 'हे तर कोयनेकडच्या झाडांवर असतं' असं हमखास ऐकायला मिळतं. तिथे असतं ते बाशिंग, शास्त्रीय नाव ड्रायनेरिया. नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग बांधावं तसं ते खोडाला बिलगलेलं दिसतं. गोंधळ होतो तो दोघांच्या तपकिरी, कागदासारख्या पानांमुळे. पण बाशिंगाचं जाड, लवदार खोड फांदीवरून सरपटत जातं. उन्हाळ्यात त्याची हिरवी पानं झडून नुसते कणे उरतात आणि पहिल्या पावसानंतर ते पुन्हा फुटतं. स्टॅगहॉर्न अशी विश्रांती घेत नाही. बाशिंग समजून त्याला एप्रिल-मेमध्ये कोरडं ठेवलं, तर सांगलीच्या चाळीस अंशांत तो पुन्हा उभा राहत नाही. दुसऱ्या बाजूने, अभयारण्यातून बाशिंग उपटून आणून ते 'देशी स्टॅगहॉर्न' म्हणून फळीवर ठोकणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि झाडावर अन्यायही.

दुसरा घोळ इंग्रजी नावांचा. आपण ज्याला स्टॅगहॉर्न म्हणतो त्या प्लॅटिसेरियम बायफर्केटमला ऑस्ट्रेलियात एल्कहॉर्न म्हणतात. तिथला स्टॅगहॉर्न म्हणजे प्लॅटिसेरियम सुपर्बम. बायफर्केटमला बाजूने पिल्लं येतात, सुपर्बमला येत नाहीत, तो बीजाणूंपासूनच वाढवावा लागतो. म्हणून रोप घेताना शास्त्रीय नाव विचारावं.

पूर्वी असे नेचे आणि ऑर्किड वृक्षनेच्याच्या खोडाच्या तुकड्यांवर बांधत. वृक्षनेच्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि लाकूड, काथ्या पुढे आले. हा बदल चांगलाच झाला. सागवानाची दहा-बारा इंची, इंचभर जाडीची फळी वर्षानुवर्षं टिकते. साध्या प्लायवूडचे पापुद्रे सुटतात. भिजवून पिळलेलं दोन मुठी स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) फळीवर पसरावं, त्यावर रोप टेकवून तंगुसाचे चार-सहा तिरके वेढे ढालीसारख्या तळपानांवरून घ्यावेत आणि कडेच्या स्क्रूंना बांधावेत. मधला कोंब उघडाच हवा. तो मॉसखाली दबला की सडतो. तांब्याची तार वापरू नये, तांबं नेच्यांना बाधतं. पुढे नवी तळपानं येऊन तंगूस झाकून टाकतात.

खरा वाद आहे तो तळपानं तपकिरी झाल्यावर ती काढायची की ठेवायची याचा. भिंत नीटनेटकी दिसावी म्हणून ती सोलली जातात. इथे दोन मतांना जागाच नाही. हीच पानं पाणी धरतात, मुळं झाकतात, कुजून खत देतात. सोलली की मुळं उघडी पडतात. काळजी करावी ती बुडाशी ओलसर काळे डाग दिसले तर. तेव्हा पाणी तोडावं आणि वारा वाढवावा.

फळी उचलून हलकी लागली की वीस मिनिटं बादलीत बुडवावी. सांगलीच्या उन्हाळ्यात हे दर दोन-तीन दिवसांनी, थंडीत आठवड्याने. महाबळेश्वरच्या पावसात उलट काळजी, फळी पागोळ्यांपासून दूर हवी. जत-आटपाडीकडच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने पांढरे थर बसतात, तिथे पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं. द्राक्षबागायतदारांकडचं 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत चालतं, पण लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा.

पानांवरची पांढुरकी लव म्हणजे धूळ नव्हे, ती ओलावा राखते. फडक्याने पुसू नये. शिंगांसारख्या पानांच्या टोकांना खालून तपकिरी मखमली पट्टा दिसला, तर तो करपा समजून छाटू नये. ते बीजाणू असतात, आणि ते आले म्हणजे रोप वयात आलं.